व्हँकुव्हरला निघालेल्या नागपूरच्या पोट्ट्यांसाठी: अंधार, पाऊस आणि रात्रीचं स्कीइंग

दिवाळीला मी नागपुरात आले की धरमपेठेतल्या घरी कोणाचे तरी आईबाबा येतातच. पोरगं नाहीतर पोरगी जानेवारीत कॅनडात व्हँकुव्हरला निघालेली असते, किंवा सप्टेंबरमध्येच गेलेली असते आणि फोनवर रडून राहिलेली असते. प्रश्न ठरलेले: खोली, बँक, पार्टटाइम नोकरी, डबा. त्यावर सांगणारे ढिगानं सापडतात. हिवाळ्याबद्दल मात्र सगळ्यांचा सल्ला एकच, "स्वेटर घेऊन जा." म्हणून हे एकदाच लिहून ठेवते.

व्हँकुव्हरमध्ये थंडी त्रास देत नाही, अंधार देतो. समुद्राकाठचं शहर आहे, डिसेंबरात दिवसा चार-पाच-सहा डिग्री असते, एवढ्यानं कोणी मरत नाही. पण नोव्हेंबरपासून पाऊस लागतो तो थांबायचं नाव घेत नाही, आणि डिसेंबरच्या शेवटी शेवटी दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा उरतो. आपल्याकडं अगदी लहानातला लहान दिवसही पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. कॉलेजातून बाहेर पडावं तर रात्र झालेली. पोट्टे खोलीत जाऊन पांघरूण घेतात, नागपूरच्या वेळेनुसार जागतात, आणि फेब्रुवारीपर्यंत अर्धे परत यायच्या गोष्टी करतात. यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे रात्रीचं स्कीइंग. अंधार असाही आहेच, मग तो कामी लावावा.

शहराच्या उत्तरेला तीन डोंगर आहेत: ग्राउस, सायप्रेस आणि सीमोर. डाउनटाउनपासून तिन्ही साधारण अर्ध्या-पाऊण तासावर, आणि तिन्हींवर रात्री दिवे लावून स्कीइंग चालतं. ग्राउसवरच्या दिव्यांचा पांढरा पट्टा शहरातून दिसतो. लिफ्ट, म्हणजे माणसांना उतारावर वर नेणारे दोरावरचे पाळणे, हंगाम भरात असताना रात्री नऊ-दहापर्यंत चालतात. हंगामाच्या सुरुवातीला वेळ कमी असते, म्हणून त्या-त्या दिवशीची वेळ बघूनच निघायचं. रात्रीचं तिकीट दिवसापेक्षा स्वस्त, गर्दी कमी, आणि क्लास किंवा शिफ्ट बुडत नाही. व्हिसलर या मोठ्या स्की रिसॉर्टचं नाव तुम्ही ऐकलेलं असेल. सव्वाशे किलोमीटर लांब, तिकीट भारी, आणि लिफ्ट दुपारीच बंद होतात. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका असं माझं मत आहे. फोटो नंतर काढता येतील.

आता खरी गोष्ट. हे तिन्ही डोंगर उंच नाहीत. ग्राउसचा माथा १,२३१ मीटर, म्हणजे आपल्या चिखलदऱ्यापेक्षा शंभरेक मीटर जास्त, बस. तिथं बर्फ पडतो तो अक्षांशामुळं: व्हँकुव्हर ४९ अंशांवर, नागपूर २१वर. पण शेजारी समुद्र, हवा दमट आणि उबदार. त्यामुळं बर्फ की पाऊस हा निकाल दोन-तीन डिग्रीत लागतो. कॅलेंडर बघून तिथं काही कळत नाही. एक डिसेंबर झाला म्हणजे बर्फ असलाच पाहिजे, असं नाही.

बघायचं असतं फ्रीझिंग लेव्हल. डोंगराच्या हवामान अंदाजात हा आकडा मीटरमध्ये दिलेला असतो: किती उंचीवर तापमान शून्यावर येतं ते. वर जाताना दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा डिग्रीनं उतरतो. म्हणजे खाली विमानतळावर सहा डिग्री आणि रिपरिप पाऊस असेल, तर नऊशे-हजार मीटरवर शून्य. बर्फ त्या रेषेच्याही दोन-तीनशे मीटर खालपर्यंत टिकतो, कारण पडता पडता वितळायला त्याला वेळ लागतो. तेव्हा खाली छत्री घेऊन फिरून राहिले असाल आणि अंदाजात ८०० लिहिलं असेल, तर खूश व्हा, वर बर्फ पडतोय. १,५०० लिहिलं असेल तर वरही तुम्ही नुसते भिजाल. हवाई बेटांकडून उबदार, ओल्या हवेचा पट्टा येतो, त्याला तिकडे पायनॅपल एक्सप्रेस म्हणतात. तो आला की रेषा दोन हजारांच्या वर जाते आणि आठवड्याचा साचलेला बर्फ दोन दिवसांत धुऊन निघतो. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या काही स्पर्धा सायप्रेसवर होत्या. त्या वर्षी जानेवारी इतका उबदार गेला की ट्रक आणि हेलिकॉप्टरनं बर्फ आणून टाकावा लागला, गवताच्या गाठी रचून त्यावर उतार बांधले. ऑलिंपिकवाल्यांचं हे झालं, तर तुमच्या शनिवारच्या प्लॅनचं काय घेऊन बसलात.

बर्फ तयार करायच्या तोफा असतात ना, असं पोट्टे विचारतात. असतात. पण त्यांचं गणित आपल्या कूलरसारखं आहे. मे महिन्यात कोरड्या हवेत कूलर खोली गार करतो आणि जुलैत नुसता चिकचिकाट करतो. तोफेतून उडालेला पाण्याचा थेंबही थोडा सुकता सुकता गार होतो आणि गोठतो. हवा कोरडी असेल तर शून्याच्या आसपासही बर्फ जमतो. व्हँकुव्हरसारख्या दमट हवेत पारा उणे दोनच्या खाली गेल्याशिवाय तोफ चालवण्यात अर्थ नसतो. म्हणून आभाळ मोकळं असलेल्या कडाक्याच्या रात्री तोफा गरगरतात आणि पावसाळी आठवड्यात मुकाट उभ्या राहतात. शिवाय त्या सगळ्या डोंगरावर नसतात. ग्राउसवर आहेत, सीमोर बराचसा आभाळाच्या भरवशावर चालतो.

तर, पहिल्या दिवशी जायचं का? जाऊ नका. डोंगर उघडला अशी बातमी येते तेव्हा बहुधा एखादीच लिफ्ट चालू असते आणि एकदोन उतार. सगळं शहर त्या एका पट्ट्यावर तुटून पडतं, आणि शिकाऊ माणसाला तिथं उभं राहायलाही जागा नसते. बर्फ पातळ असतो. वरून पांढरं मऊ दिसतं, खाली झुडपं, झाडांचे बुंधे, दगड, कुठं कुठं वाहता ओहोळ. बांबूच्या काठ्या आडव्यातिडव्या फुलीसारख्या रोवलेल्या दिसल्या की तिथं काहीतरी वर आलंय असं समजायचं आणि लांबून जायचं. ताजा बर्फ किती पडला या आकड्यावर भाळू नका. दबून बसलेला थर किती आहे ते बघा. मी स्वतः तो साठ-सत्तर सेंटिमीटर झाल्याशिवाय नवख्या पोरांना घेऊन जात नाही. डोंगरावरचे कॅमेरे घरबसल्या दिसतात, तेही बघावेत. त्यात गवताची टोकं दिसत असली तर पुढच्या आठवड्यात. शिकायच्या उताराची लिफ्ट आणि आणखी एखादी चालू झाली, मग मंगळवार-बुधवारची रात्र धरायची.

रात्रीत एक भानगड आहे. दिवसा पारा शून्याच्या वर गेला असेल तर बर्फाचा वरचा थर ओला होतो, आणि सूर्य गेल्यावर तोच गोठून कडक होतो. सहाच्या सुमाराला त्यावरून स्की गेली की खरवडल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आला की वेग कमी. म्हणून दिवसभर ऊन आणि रात्री कडाका असा अंदाज असेल तर शिकाऊ माणसानं घरी बसावं. दिवसभर शून्याखाली किंवा संध्याकाळी हलका बर्फ पडणार असेल तर ती रात्र सोन्यासारखी. भाड्यानं घेतलेल्या स्कीची धार बोथट असेल तर कडक बर्फावर ती धरत नाही. अंगठ्याचं नख धारेवरून आडवं हलकेच ओढून बघा. नखाचा बारीक कीस निघाला तर धार आहे. नुसतं घसरलं तर काउंटरवर परत द्या, दुसरी मागा. ते बदलून देतात, लाजू नका.

दिव्यांच्या उजेडाची मात्र धास्ती बाळगू नका. ढगाळ दुपारी सगळं एकसारखं पांढरंफेक दिसतं, खड्डा कुठं आणि उंचवटा कुठं कळत नाही. रात्री दिवे एका बाजूनं पडतात, त्यामुळं प्रत्येक उंचवट्याला सावली असते. मला तरी रात्री जास्त स्पष्ट दिसतं. फक्त गॉगलची काच पारदर्शक किंवा पिवळी हवी. उन्हासाठीची काळी काच लावून रात्री उतरणारे नग दरवर्षी दिसतात.

कपड्यांचं आता, कारण नागपुरात हीच खरेदी सगळ्यात चुकीची होते. सीताबर्डीवर मिळणारं सुती थर्मल घेऊ नका. स्कीइंग करताना घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं, आणि लिफ्टवर दहा मिनिटं बसलात की दात वाजतात. आतला थर पॉलिएस्टरचा नाहीतर मेरिनो लोकरीचा. आजीनं विणलेला लोकरी स्वेटर मधला थर म्हणून उत्तम, हिवाळ्यात तिबेटी लोकांकडून घेतलेला खऱ्या लोकरीचा असेल तर तोही चालेल. आईनं बॅगेत टाकलेली माकडटोपी हेल्मेटखाली जात नाही, पण बस स्टॉपवर उपयोगी आहे, असू द्या. बाहेरचा थर, म्हणजे पाणी न शिरणारं जॅकेट, पँट आणि हातमोजे, तिथंच घ्या. थ्रिफ्ट स्टोअरमध्ये जुनं चांगलं मिळतं. पँटवर पैसे वाचवू नका, पहिले काही दिवस तुमचं बूड बर्फातच असणार आहे. हेल्मेट मात्र जुनं घेऊ नका, त्यानं आधी किती मार खाल्लाय ते दिसत नाही.

स्कीचे बूट घेताना घाई नको. नीट उभं राहिल्यावर अंगठा पुढं हलकासा टेकला पाहिजे. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की तो सुटला पाहिजे. टाच वर उचलली जाता कामा नये. मोजा एकच, पातळ, नडगीच्या वरपर्यंत जाणारा. दोन मोजे घातले की पाय गार पडतो, ऊब येत नाही. काउंटरवर वजन, उंची, वय आणि येतं किती ते विचारतील, खरं सांगा. पडल्यावर बूट स्कीतून कधी सुटायचा ते त्यावरच लावतात. वजन लाजून कमी सांगितलं तर स्की भलत्या वेळी सुटेल. शेखी मिरवायला येतं म्हणून सांगितलं तर सुटायची तेव्हा सुटणार नाही आणि गुडघा जाईल.

मित्राकडून शिकू नका. "चाल ना बे, काही होत नाही" म्हणून तो तुम्हाला वरच्या लिफ्टनं घेऊन जाईल आणि स्वतः खाली निघून जाईल. धडा, भाड्याचं सामान आणि शिकाऊ लिफ्टचं तिकीट मिळून पॅकेज असतं, ते घ्या. मॅजिक कार्पेट नावाच्या सरकत्या पट्ट्यावरून वर जायचं, स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून हळू उतरायचं, थांबायचं. थांबता आणि वळता येईपर्यंत चेअरलिफ्टकडं बघायचंही नाही. मग पाटीवर हिरवा गोल असलेले सोपे उतार, नंतर निळ्या चौकोनाचे मधले. काळ्या हिऱ्याचा अवघड उतार पहिल्या हिवाळ्यात तुमच्यासाठी नाहीच. पुढच्या माणसाचा हक्क आधी, मागून येणाऱ्यानं सांभाळायचं. थांबायचं ते उताराच्या कडेला, वरून दिसेल अशा जागी. रात्री गडद जॅकेट घालून उंचवट्याच्या आड बसणं म्हणजे मार खायची व्यवस्था.

दिवे असलेला उतार सोडून झाडीत शिरू नका. मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली बर्फ पोकळ राहतो, त्यात डोक्यावर पडलेला माणूस स्वतःहून निघू शकत नाही. हरवलात तर ९११ या आणीबाणीच्या नंबरवर फोन करा. नॉर्थ शोअर रेस्क्यूचे लोक स्वयंसेवक आहेत, शोधायचे पैसे घेत नाहीत, तेव्हा बिलाच्या भीतीनं फोन टाळू नका. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी पटकन बसते. अँब्युलन्स आणि हॉस्पिटलचं मात्र बिल येतं. प्रांताचा आरोग्य विमा आल्या आल्या लागू होत नाही, आल्याचा उरलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं. मधल्या काळासाठी कॉलेजनं जो विमा दिला असेल त्यात स्कीइंग धरलंय का, ते पहिल्या तिकिटाआधी वाचा.

खाणं बरोबर न्या. वरचं महाग असतं आणि तिखट नसतं. चिवडा, पोळीभाजीचा रोल, थर्मासात चहा. आमच्यातल्या एकानं तर्री नेली होती, लॉजमधले लोक वळून वळून बघत होते.

जायचं कसं? गाडी नसेल तर ग्राउसच. डाउनटाउनच्या वॉटरफ्रंट स्टेशनवरून सीबस नावाची बोट, पलीकडं लॉन्सडेल की या धक्क्यावर २३६ नंबरची बस, ती थेट पायथ्याशी सोडते, तिथून स्कायराइडच्या, म्हणजे रोपवेच्या, डब्यानं वर. सायप्रेस आणि सीमोरला सिटी बस जात नाही, खासगी शटल शोधावी लागते. कोणाच्या गाडीनं जाणार असाल तर आधी टायर विचारा. ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे व्हँकुव्हरच्या प्रांतात, १ ऑक्टोबरपासून डोंगराकडच्या बहुतेक रस्त्यांवर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि वर जाताना ओला असलेला घाट रात्री दहाला उतरताना काच झालेला असतो. तिथं ब्रेक दाबत नाहीत, खालचा गिअर टाकून हळू येतात. ज्याला हे माहीत नाही, त्याच्या गाडीत बसू नका, मग तो वर्धा रोडवर कितीही भारी चालवत असो. बसनं गेलात तर परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते वर चढायच्या आधी बघून ठेवा, आणि स्कायराइडच्या रांगेसाठी हातात अर्धा तास राखा.