बॅरन म्युंशहाउझेनबद्दल लिहिताना या चुका टाळा

लोणकढी थापांचा विषय निघाला की म्युंशहाउझेनचं नाव हमखास येतं. तोफगोळ्यावर बसून उडालेला, स्वतःचेच केस धरून घोड्यासकट दलदलीतून वर आलेला. पण या नावाचा माणूस खरोखर होऊन गेला, आणि त्याच्यावर लिहिताना गोष्टीतला बॅरन आणि खरा बॅरन यांची सर्रास खिचडी होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे या थापांचं पुस्तक खऱ्या बॅरनच्या नावावर खपवणं. हिएरोनिमस फॉन म्युंशहाउझेन १७२० साली जर्मनीतल्या वेझर नदीकाठच्या बोडेनव्हेर्डर गावी जन्मला. तरुणपणी रशियन घोडदळात होता, मग गावी येऊन जमीनजुमला सांभाळू लागला. जेवणं उरकली की पाहुण्यांना शिकारीचे आणि रशियाचे किस्से रंगवून सांगायचा. १७८५ मध्ये लंडनला रुडोल्फ एरिख रास्प या जर्मन लेखकानं स्वतःचं नाव न घालता बॅरनच्या नावानं पुस्तक काढलं. हा रास्प कासेलच्या संग्रहातली नाणी लंपास करून इंग्लंडला पळालेला. पुढच्याच वर्षी कवी बुर्गरनं ते जर्मनमध्ये आणलं आणि भर घातली. तोफगोळा आणि केस, दोन्ही बुर्गरचेच. म्हणून ‘बॅरन म्हणतो’ असं लिहू नका, ‘गोष्टीतला बॅरन म्हणतो’ असं लिहा. तेव्हा पासष्टीत असलेल्या खऱ्या बॅरनला आपलं नाव असं गाजलेलं मुळीच रुचलं नाही.

त्याला सरळ ‘खोटारडा’ म्हणणंही मला पटत नाही. ती घोड्याची गोष्ट आठवा. बर्फातून वर आलेल्या खुंटाला घोडा बांधून स्वार झोपतो. सकाळी बर्फ वितळलेलं, स्वार चर्चच्या आवारात आणि घोडा वर कळसाला लोंबकळतोय. तो पिस्तुलानं लगाम तोडतो, घोडा खाली येतो, प्रवास पुढे सुरू. अशा गोष्टीत कोण कुणाला फसवतं? सांगणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही. गप्पांच्या फडात रंगलेल्या माणसाला लबाड ठरवणं हा अन्याय आहे.

आजाराच्या नावानं घोळ आणखी वाढतो. आजारी असल्याचं सोंग घेऊन इस्पितळं पालथी घालणाऱ्या रुग्णांसाठी रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरनं १९५१ मध्ये बॅरनच्याच नावावरून ‘मुंचाउसेन सिंड्रोम’ हे नाव दिलं. बॅरननं कधी असं सोंग घेतलं नव्हतं.

राहिलं खासगी आयुष्य. इथे लेखणी जपून चालवा. १७९४ च्या जानेवारीत त्यानं स्वतःहून पन्नासहून अधिक वर्षांनी लहान बर्नार्डिनाशी दुसरं लग्न केलं. त्या उन्हाळ्यात ती आजारपणासाठी पिर्मोंटच्या औषधी झऱ्यांवर राहिली, आणि ती तिथे नाचगाण्यात रमल्याची कुजबुज झाली. १७९५ च्या फेब्रुवारीत मुलगी झाली. मूल आपलं नाही, अशी तक्रार त्यानं रीतसर नोंदवली आणि शेवटची वर्षं घटस्फोट व पोटगीच्या खटल्यांत गेली. तक्रार आणि खटला नोंदलेले आहेत. पिर्मोंटची कुजबुज ही कुजबुजच. ती पुरावा म्हणून छापू नका आणि कोवळ्या वयाच्या मुलीला खलनायिका करू नका.

आणि त्याच्या पहिल्या बायकोला, याकोबिनाला, गाळू नका. १७४४ मध्ये लिवोनियाच्या आज लाटवियात असलेल्या भागात त्यांचं लग्न झालं. १७९० मध्ये ती गेली. ४६ वर्षांचा तो संसार बहुतेक लेखांत एका ओळीत उरकतात, आणि तीन वर्षांच्या भांडणाला पानभर जागा देतात. १७९७ च्या फेब्रुवारीत बॅरन वारला, तेव्हा त्यानं आपलं मानलेलं मूलबाळ मागे नव्हतं. गावाजवळच्या केमनाडेच्या चर्चमध्ये त्याला पुरलं आहे.