संस्थेतील संगणकांवर आउटलुकचे प्रोफाइल आपोआप तयार करणे

प्रत्येक कर्मचाऱ्याच्या संगणकावर जाऊन ईमेल खाते जोडण्यापेक्षा ग्रुप पॉलिसी (एकाच जागेवरून अनेक संगणकांना सेटिंग लावण्याची विंडोजची सोय) वापरणे केव्हाही श्रेयस्कर. मात्र ही पद्धत एक्सचेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल-सर्व्हरवरील खाती, डोमेनला (संस्थेच्या मध्यवर्ती नेटवर्क-व्यवस्थेला) जोडलेले संगणक आणि क्लासिक आउटलुक, म्हणजे जुन्या धाटणीचे डेस्कटॉप आउटलुक, यांच्यासाठीच आहे.

सर्वप्रथम ऑटोडिस्कव्हर, म्हणजे आउटलुकला मेल-सर्व्हर आपोआप शोधून देणारी सेवा, तपासावी, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून असते. डोमेनमधील आउटलुक सहसा आधी अॅक्टिव्ह डिरेक्टरीतील (डोमेनमधील वापरकर्ते व संगणकांच्या नोंदवहीतील) सर्व्हिस कनेक्शन पॉइंट, म्हणजे सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद, पाहते आणि नंतर डीएनएसकडे, म्हणजे नावांवरून सर्व्हरचे पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेकडे, वळते. त्यामुळे मायक्रोसॉफ्ट ३६५ वर स्थलांतर झाल्यावर जुन्या सर्व्हरची नोंद अॅक्टिव्ह डिरेक्टरीत उरली असेल, तर डीएनएस अचूक असूनही जोडणी भलतीकडे जाऊ शकते, आणि दोष मात्र विनाकारण वापरकर्त्याच्या माथी येतो. प्रत्येकाचा प्राथमिक ईमेल पत्ताही डिरेक्टरीत बरोबर असावा.

त्यानंतर ऑफिसचे प्रशासकीय टेम्पलेट (ग्रुप पॉलिसीत ऑफिसच्या सेटिंग आणणाऱ्या फायली) बसवून, आउटलुकच्या खाते-विभागातील एक्सचेंज या गटात, प्राथमिक पत्त्यावरून प्रोफाइल आपोआप तयार करणारी पॉलिसी सुरू करावी. सामायिक संगणकांवर कॅश्ड मोडमध्ये (मेलची प्रत संगणकावरच ठेवण्याच्या पद्धतीत) साठवायच्या मेलचा कालावधी कमी ठेवावा, अन्यथा डिस्क लवकर भरते.

ही पॉलिसी आधी एखाद्या छोट्या विभागालाच लावावी. चाचणी नव्या वापरकर्त्याच्या लॉगिनवर घ्यावी, कारण आधीपासून असलेल्या प्रोफाइलवरून काहीच सिद्ध होत नाही.