जुना होम कॉम्प्युटर हाती आलाय? स्विच दाबण्याआधी या चुका टाळा

झेडएक्स स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, बीबीसी मायक्रो. १९८० च्या दशकातल्या या घरगुती कॉम्प्युटरांची नावं ऐकून ज्यांच्या डोळ्यांत चमक येते अशी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. कुणाला काकांनी इंग्लंडहून आणलेला स्पेक्ट्रम माळ्यावर सापडतो, कुणाला शाळेच्या अडगळीत बीबीसी दिसतो, कुणी पैसे साठवून परदेशातून मागवतो. आणि मग घाई होते. माझं ठाम मत आहे की पस्तीस-चाळीस वर्षं पडून राहिल्यामुळे ही यंत्रं जितकी बिघडतात, त्याहून जास्त ती सापडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात बिघडतात. यातलं बरंचसं नुकसान टाळता येतं.

घरात आहे तो अडॅप्टर लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. १९८२ च्या स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात. घरात राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर पडलेला असतो, पिनही बरोबर बसते, म्हणून लोक तोच लावतात. पण स्पेक्ट्रमच्या पिनमध्ये मधला भाग निगेटिव्ह आणि बाहेरची कडा पॉझिटिव्ह असते. आजच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये याच्या बरोबर उलट असतं. उलटा करंट गेला की आतले भाग जळतात. म्हणून पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कुठे ते दाखवणारं अडॅप्टरवरचं गोलाचं चिन्ह बघा, पण नुसतं त्यावर विसंबू नका, मल्टिमीटर लावून खात्री करा. अडॅप्टर दीड अँपिअरच्या आसपासचा हवा.

स्पेक्ट्रमला स्वतःचा स्विच नाही. त्यामुळे आधी पिन खोचायची आणि मग भिंतीवरचं बटण दाबायचं, बंद करतानाही आधी भिंतीवरचं बटण. चालू यंत्रात पिन हलवत बसू नये. मागच्या पट्टीवर जॉयस्टिकचा इंटरफेस लावायचा असेल तेव्हा तर वीज पूर्ण बंदच हवी. ती पट्टी नुसती डगमगली तरी टीआर४ नावाचा छोटा ट्रान्झिस्टर उडू शकतो, आणि पुढचं रामायण तिथूनच सुरू होतं. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

कमोडोर ६४ ची गोष्ट वेगळी. त्याचा मूळ अडॅप्टर म्हणजे आत रेझिन ओतून बंद केलेला जड ठोकळा. तो ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी असे दोन्ही देतो. आतला, व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर वर्षानुवर्षं तापून म्हातारा होतो, आणि तो गेला की पुरवठा बंद पडण्याऐवजी व्होल्टेज चढतं. ते चढलेलं व्होल्टेज थेट मेमरीच्या आयसींपर्यंत, म्हणजे चिप्सपर्यंत पोचतं. कॉम्प्युटरला न जोडता ठोकळ्याच्या गोल पिनमध्ये ५ आणि २ क्रमांकाच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. ५.२५ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर तो ठोकळा पुन्हा वापरू नका. आकडा बरोबर आला तरी निर्धास्त होऊ नका, कारण आज नीट असलेला ठोकळा पुढच्या महिन्यात तापल्यावर दगा देतो. नवा, आधुनिक पॉवर सप्लाय घ्या आणि मूळ ठोकळा संग्रहात जपून ठेवा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून यंत्र आलं असेल तर आणखी एक गोष्ट. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर २३० चे ११० व्होल्ट करून देतो, पण ५० हर्ट्झचे ६० हर्ट्झ करत नाही. आणि चित्र एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीचं येतं. फक्त आपली पॅल पद्धत समजणाऱ्या जुन्या टीव्हीवर ते रंगहीन किंवा पळतं दिसलं, तर त्याचा अर्थ कॉम्प्युटर बिघडला असा नाही.

बीबीसी मायक्रो ‘फक्त दोन मिनिटं’ लावून बघणं

बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचे कपॅसिटर सापडतात. दिसायला चौकोनी, मधाच्या रंगाच्या पारदर्शक कवचाचे. आत कागदाच्या घड्या असतात. जवळून, तिरक्या उजेडात बघितलं तर कवचावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसतं. त्या भेगांतून वर्षानुवर्षं ओल आत शिरते आणि कागद ती धरून ठेवतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत राहिलेल्या यंत्राची अवस्था काय असेल ते वेगळं सांगायला नको. वीज दिली की काही वेळ सगळं छान चालतं, मग फट्ट आवाज, दाट धूर आणि कित्येक दिवस न जाणारा वास.

गंमत अशी की हा कपॅसिटर फुटल्यावरही कॉम्प्युटर बहुधा जिवंत असतो, कारण त्याचं काम फक्त मेन्सवरचा, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेतला गोंगाट गाळण्याचं असतं. म्हणून धूर बघून यंत्र भंगारात देऊ नका. आणि मुळात धूर निघायची वाट न बघता हे कपॅसिटर आधीच बदला. बदलताना थेट मेन्सवर लावण्यासाठीच बनवलेले एक्स२ वर्गाचेच घ्या. मेन्सवर साधा कपॅसिटर लावणं आगीला आमंत्रण आहे. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तेव्हा मेन्सच्या कामाची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडे सोपवा.

मूळ दोष न शोधता आयसी बदलत सुटणं

स्पेक्ट्रम लावला आणि तो बनवणाऱ्या सिंक्लेअर कंपनीच्या कॉपीराइटच्या ओळीऐवजी पडद्यावर उभ्या पट्ट्या आल्या, की मेमरी गेली असं ठरवून लोक ४११६ क्रमांकाचे आठच्या आठ मेमरी आयसी काढतात, नवे लावतात, आणि तेही जळतात. कारण ४११६ ला एक नाही, तीन व्होल्टेज लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. उणे ५ नाहीसं झालं आणि अधिक १२ मात्र येत राहिलं की हा आयसी टिकत नाही. १२ आणि उणे ५ बनवणाऱ्या सर्किटच्या मुळाशी तोच टीआर४ आहे.

म्हणून क्रम पाळा. मल्टिमीटरचा काळा प्रोब ग्राउंडला, म्हणजे ४११६ च्या १६ क्रमांकाच्या पायाला. मग १ क्रमांकावर उणे ५, ८ वर अधिक १२ आणि ९ वर अधिक ५ दिसायला हवेत. उणे ५ दिसलं नाही तर लगेच वीज बंद करा. आधी टीआर४ आणि त्याचा जोडीदार टीआर५ तपासा, तिन्ही व्होल्टेज नीट येऊ द्या, मग मेमरीकडे वळा. ट्रान्झिस्टरचे पर्याय आणि ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या बाजूला मिळू शकतात. ४११६ मात्र आज कुणी बनवत नाही. उतावीळपणे जाळलेला प्रत्येक आयसी जगातल्या शिल्लक साठ्यातून कायमचा कमी होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काही वेळा तर दोष कॉम्प्युटरमध्ये नसतोच. स्पेक्ट्रम चित्र पाठवतो ते यूएचएफ चॅनेल ३६ वर, ॲनालॉग पद्धतीने. आजच्या अनेक टीव्हींना ते पकडताच येत नाही. यंत्र मृत ठरवण्याआधी जुना टीव्ही मिळवून बघा.

उघडताना आणि साफ करताना

स्पेक्ट्रमचे स्क्रू काढले की वरचं झाकण झटक्यात उचलू नका. कीबोर्डच्या पडद्याच्या (मेम्ब्रेनच्या) दोन पातळ पट्ट्या खाली बोर्डाला जोडलेल्या असतात. इतक्या वर्षांत त्या वाळक्या पानासारख्या ठिसूळ झालेल्या असतात. झाकण थोडंसं उचला, आत बोटं घालून पट्ट्या सरळ वर ओढून सोडवा, मग वेगळं करा. तुटल्याच तर नवा पडदा मिळतो.

कनेक्टरच्या पट्ट्यांवर सँडपेपर अजिबात नको, वरचा मुलामा निघून जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस पुरे. कमोडोरच्याच अमिगा ५०० प्लससारख्या यंत्रात बोर्डावर बसवलेली रिचार्जेबल बॅटरी असते. ती फुटून तांब्याचे ट्रॅक खाते. यंत्र चालो वा न चालो, ती पहिल्याच दिवशी काढा, आणि गळती झाली असेल तर तिथे पांढरं व्हिनेगर लावून मग अल्कोहोलने पुसून घ्या.

पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम लावून उन्हात ठेवायची पद्धत आहे. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते क्रीम भराभर वाळतं आणि कायमचे डाग पडतात, झाकणही वाकतं. शिवाय पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. मला विचाराल तर हा प्रयोग दुर्मिळ यंत्रावर करू नये.

बुरशी आलेली फ्लॉपी किंवा कॅसेट तशीच लावू नका, ती वाचणाऱ्या हेडचंही नुकसान होतं. स्पेक्ट्रमवर कॅसेट लोड होत नसेल तर इअर आणि माइक या दोन्ही वायरी एकाच वेळी जोडलेल्या नाहीत ना, हे आधी बघा.

भारतीय यंत्राला परदेशी करणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. १९८० च्या दशकात मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने परवाना घेऊन बीबीसी मायक्रो आपल्याकडे आणला, आणि ‘क्लास’ या शालेय कॉम्प्युटर शिक्षणाच्या सरकारी प्रकल्पातून तो शाळांमध्ये गेला. डेसिबेल्स कंपनीने स्पेक्ट्रम प्लसची भारतीय आवृत्ती काढली. अशी यंत्रं हाती आली की काही जण कंपनीचं नाव खरवडतात, शाळेने रंगाने लिहिलेला नोंद क्रमांक पुसतात, ब्रिटिश झाकण बसवतात. ब्रिटिश बनावटीची यंत्रं इंग्लंडमध्ये आजही विकत मिळतात. आपल्याकडची मात्र फार थोडी उरली आहेत. काही करण्याआधी आतून-बाहेरून फोटो काढा, बदललेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून, कुठून काढला ते लिहून ठेवा, आणि तो नोंद क्रमांक आहे तसा राहू द्या.