नववी-दहावीची मुलं द्राक्षबागेत नेताना: शेतीतल्या करिअरची ओळख करून देण्याआधीची तयारी

शेतीत करिअर म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे दोनच माणसं येतात, घामेजलेले आजोबा नाहीतर एमपीएससी होऊन आलेला कृषी अधिकारी. मधली सगळी माणसं त्यांनी पाहिलेलीच नसतात. म्हणून आधी पीक ठरवा, एकच, आणि त्याच्या रोपापासून बाजारापर्यंत भेटतील तेवढ्या माणसांशी मुलांना बोलू द्या. दिवसात पाच-सहा ठिकाणी बस थांबवली की मुलांच्या लक्षात फक्त जेवण राहतं. आम्ही नाशिककर, त्यामुळे आमचं द्राक्ष. जळगावकडच्यांनी केळी धरावी, तासगावकडच्यांनी बेदाणा, रत्नागिरीत आंबा किंवा मासळी.

मग वेळ. द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्यांसाठीची, आणि ऑक्टोबरच्या आगेमागे गोड्या बहाराची, म्हणजे फळासाठीची; माल मुख्यतः जानेवारी ते एप्रिल. एक फेरी छाटणीच्या दिवसांत आणि दुसरी काढणीत जमली तर उत्तम. बागायतदाराला फोन कराल तेव्हा औषध कधी मारणार आहात, हे विसरू नका विचारायला. फवारणीच्या दिवशी आणि लगेच दुसऱ्या दिवशी मुलं बागेत नकोत. छाटणीनंतर काड्यांवरचे डोळे, म्हणजे अंकुर, एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावतात, तीही माणसाच्या त्वचेला आणि डोळ्यांना घातक. ते काम चालू असेल तर लांबूनच पाहा. पूर्ण बाह्या, टोपी, पाणी पालकांना सुचतं, बुटांचं मात्र लिहून कळवा. चपला घालून कुणीतरी येतंच.

पहिल्या फेरीत बागेच्या आधी प्रयोगशाळा ठेवा. छाटणीपूर्वी बागायतदार काड्या तपासायला आणतात. तिथे काडीवरचा डोळा ब्लेडने कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि आत घड तयार झालाय का ते बघतात. कितव्या डोळ्यावर छाटायचं, हे त्यावरून ठरतं. घड बाहेर दिसायला अजून अवकाश असतो आणि पुढच्या हंगामाचा अंदाज मात्र त्या काचेवर येतो. जीवशास्त्राच्या पुस्तकाला कंटाळलेली पोरं इथे रांग मोडून पुढे घुसतात. आधी विचारून घ्या, प्रत्येकाला एकदा डोळा लावू द्या, आणि तपासणाऱ्या ताईंचं शिक्षण काय, पगार किती, हे मुलांनाच विचारू द्या.

दुसऱ्या फेरीसाठी रिफ्रॅक्टोमीटर मिळतो का बघा. मणी दाबून रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरायचं आणि निळ्या-पांढऱ्या रेषेवरचा आकडा वाचायचा. ते ब्रिक्स, म्हणजे ढोबळमानाने गोडी. त्याच दिवशी पॅकहाऊस: प्रतवारी, प्रीकूलिंग (माल काढल्यावर लगेच थंड करणं), शीतगृह. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचे नमुने काढून त्यात औषधांचा अंश किती आहे ते तपासतात, त्या बागेची नोंद अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर लागते. म्हणजे रसायनशास्त्रवाला, संगणकवाला, कंटेनरची कागदपत्रं सांभाळणारा, सगळे द्राक्षावरच जगतात. आणि पहिल्या फेरीत छाटणीच्या टोळीला वगळू नका. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या त्या माणसांच्या हातात जे कसब आहे त्याला प्रमाणपत्र नाही, आणि हेही मुलांनी बघायला हवं.

पैशांचे प्रश्न आदल्या दिवशी वर्गात लिहून घ्या: एकरी खर्च किती, गेल्या वर्षी भाव काय मिळाला, अवकाळी आला तेव्हा काय केलं, कर्ज आहे का. शेवटचा प्रश्न विचारण्याआधी बागायतदाराची परवानगी घ्या. गुलाबी चित्र दाखवायला कुणालाही आवडतं, पण घरात कर्जाचं बोलणं ऐकून मोठी झालेली मुलं ते लगेच ओळखतात.

शिक्षणाच्या वाटांचा एक कागद सोबत असू द्या, फार मोठा नको. दहावीनंतर कृषी पदविका. बारावी विज्ञाननंतर सीईटी देऊन राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांत कृषी पदवी. कृषी अभियांत्रिकीकडे जायचं तर गणित सोडू नये. पशुवैद्यकला 'नीट' ही प्रवेश परीक्षा लागते. प्रवेशात सातबाऱ्याचे जादा गुण मिळत आले आहेत, तेव्हा घरचा उतारा कुणाच्या नावावर आहे ते आताच बघायला सांगा. नियम त्या-त्या वर्षाच्या प्रवेश पुस्तिकेतून वाचावेत. आणि कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं गावोगाव कार्यानुभवाला येतात, त्या कृषीदूत-कृषीकन्यांना शाळेत बोलवा. सहा-सात वर्षांनी मोठ्या ताईचं पोरं जेवढं ऐकतात तेवढं आपलं ऐकत नाहीत.

पालकांची बैठक सहलीनंतर नको, आधी घ्या. सगळ्यात कडक विरोध शेतकरी आईबापांचाच असतो, "आम्ही राबलो तेवढं पुरे". त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांनाच बरोबर चला म्हणा. पॅकहाऊसमध्ये ते मुलांपेक्षा जास्त प्रश्न विचारतील. मुलींच्या पालकांना बस परत किती वाजता येईल, सोबत कोण बाई आहेत, हे पत्रातच लिहा.

परतल्यावर निबंध लिहायला लावू नका. प्रत्येकाकडून एवढंच घ्या: आज भेटलेल्यांपैकी कुणाचं काम एक आठवडा करून बघायला आवडेल, आणि कुणाचं अजिबात नको. ही नावं जुळवून उन्हाळ्याच्या सुट्टीत जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, रोपवाटिकेत किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत दोघं-दोघं पाठवता येतात. त्यासाठी विनंतीपत्रं फेब्रुवारीतच द्या, मार्चला परीक्षा सुरू झाल्या की शाळेत कुणाला सही करायला फुरसत नसते.