इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंत, आता प्लगचा गॅप किती ठेवायचा?

जुन्या पद्मिनीतले किंवा अॅम्बॅसॅडरमधले पॉइंट (इग्निशनचा यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं, की गॅरेजात कोणीतरी हमखास म्हणतं, "आता गॅप बिनधास्त वाढवा." गॅप म्हणजे स्पार्क प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोड आणि बाहेरच्या पट्टीमधलं, ठिणगी उडते ते अंतर. मीही वाढवला, ०.६ मिमीवरून थेट १.१. कर्वे रस्त्यावर गाडीची काही तक्रार नव्हती. जुन्या कात्रज घाटात मात्र तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, की मिसिंग सुरू, म्हणजे ठिणगी चुकून इंजिन झटके देऊ लागे.

घोळ समजुतीचा होता. पॉइंट काय किंवा मॉड्यूल काय, दोघांचं काम कॉइलचा, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीपुरतं वाढवणाऱ्या गुंडाळीचा, प्रवाह तोडणं. मॉड्यूल ते न झिजता, न जळता करतं एवढंच. ठिणगीला जोर येतो तो कॉइलमधून. गॅप जितका मोठा आणि सिलिंडरमधला दाब जितका जास्त, तितकं जास्त व्होल्टेज लागतं. आयडलिंगला सिलिंडर अर्धवट भरतं, तेव्हा काही कळत नाही. चढावर ते पूर्ण भरतं आणि कॉइल कमी पडते. म्हणून गॅप ठरवण्याआधी बॉनेट उघडून कॉइल कोणती आहे ते बघा.

कॉइल जुनीच असेल, तर कंपनीच्या मूळ आकड्यापासून सुरुवात करा. अॅम्बॅसॅडरचं जुनं पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) घराण्यातलं. त्याचा आकडा ०.०२५ इंच, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत पंचवीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), साधारण ०.६ मिमी. तिथून ०.७५ ते ०.८ पर्यंत जायला हरकत नाही. किटसोबत जास्त ताकदीची कॉइल बसवली असेल, तर ०.९ ते १.० चालून जातं. किटच्या कागदावर आकडा छापलेला असेल, तर माझ्यापेक्षा त्याचं ऐका.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड अॅल्युमिनियमचं असेल तर हे विसरूच नका, गरम हेडमधून प्लग काढताना आटे जातात. वायरींवर १ ते ४ आकडे टाका. वायर ओढू नका, टोपीला धरून काढा. प्लगभोवतीच्या खळग्यात हवा मारा, नाहीतर तिथली धूळ सिलिंडरमध्ये पडेल. मग प्लग पान्याने सोडवा, पाना तिरका धरू नका. काढलेले प्लग क्रमाने ठेवा, कारण त्यांचे चेहरे वाचायचे आहेत. फिकट तपकिरी म्हणजे प्रकृती ठीक. कोरडी काजळी म्हणजे कार्बोरेटर पेट्रोल जास्त देतोय. ओलं तेल असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील बघा. ते दुखणं गॅपने बरं होणार नाही.

गॅप मोजायचा गेज कोणता, हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. वापरलेल्या प्लगच्या बाहेरच्या पट्टीला आतून खड्डा पडतो. चपट्या पात्याचा फिलर गेज खड्ड्याच्या कडांवर टेकतो आणि खरा गॅप दाखवतच नाही. तारेचा गोल गेज घ्या. नाना पेठेत मिळतो, जुन्या बाजारात कधीकधी त्याहून चांगला सापडतो (रविवारी सकाळी लवकर गेलात तर). नाण्यासारखी उतरती कड असलेला गेज टाळा. तो गॅपमध्ये रेटताना मधल्या इलेक्ट्रोडवर जोर येतो.

वाकवायची ती फक्त बाहेरची पट्टी. कमी करायचा असेल, तर पट्टी लाकडाच्या ठोकळ्यावर हलकेच टेकवा. वाढवायचा असेल, तर गेजवरच्या हुकने पट्टीच उचला. मधल्या इलेक्ट्रोडचा आधार घेतलात तर चिनी मातीला तडा जाईल आणि तो डोळ्यांना दिसणारही नाही. तार किंचित घासत सरकली पाहिजे. चारही प्लग सारखे करा आणि ठरवलेल्या आकड्यापेक्षा केसभर कमीच ठेवा, कारण झिजून गॅप वाढतच जातो.

मॉड्यूल असलेल्या गाडीत रेझिस्टर प्लग (आत विद्युतरोधक असलेले) चांगले. नंबरात 'आर' असतो: एनजीकेचा बीपी६ईएस साधा, बीपीआर६ईएस रेझिस्टरचा. नुसत्या तांब्याच्या वायरी आणि साधे प्लग एकत्र असले, तर रेडिओत खरखर येतेच, काही मॉड्यूलही बिचकतात.

प्लग बसवताना आधी पाना नको, बोटांनीच फिरवा. हाताने पूर्ण बसल्यावर, नवा वॉशर असेल तर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. जुना असेल तर जेमतेम फेऱ्याचा बारावा भाग. वायरी आकड्यांप्रमाणे लावा. एखादी लोंबती ठेवून स्टार्टर मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइल आणि मॉड्यूल दोघांवर ताण येतो.

मग अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा. डिस्ट्रीब्यूटर कॅप किंवा वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या, तर ठिणगीने प्लग सोडून पळवाट शोधली आहे. पावसाळ्यात दमट हवेने हे जास्त होतं. कॅप, रोटर, वायरी बदलल्याशिवाय गॅप वाढवू नका.

खरी परीक्षा चढावर. कात्रज नाहीतर बोपदेव घाट, वरचा गिअर, पाय दाबलेला. मिसिंग आली, तर ०.१ मिमी कमी करा आणि पुन्हा चढा. माझी गाडी ०.८ वर शांत झाली.