जुनी स्कूल बस बदलण्यासाठी सरकारी निधी: अमेरिकेतील मराठी पालकांनी सुरुवात कुठून करावी

अमेरिकेतील बहुसंख्य पिवळ्या स्कूल बस आजही डिझेलवर धावतात. त्या बदलण्यासाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या पायाभूत सुविधा कायद्याने २०२२ ते २०२६ या पाच आर्थिक वर्षांकरिता ५ अब्ज डॉलरची तरतूद केली आणि वाटपाचे काम पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, म्हणजे ईपीएकडे, सोपवले. निम्मा निधी केवळ शून्य-उत्सर्जन, म्हणजे मुख्यतः विजेवरील, गाड्यांसाठी राखला गेला. उरलेल्या निम्म्यात प्रोपेन आणि सीएनजीवरील गाड्याही बसतात. हा निधी पालकांना स्वतः मागता येत नाही. अर्ज स्कूल डिस्ट्रिक्टने किंवा पात्र वाहतूक कंत्राटदाराने करायचा असतो. मात्र न्यू जर्सी असो वा टेक्सास, स्कूल बोर्डाच्या खुल्या सभेत नागरिकांना मिळणारी दोन-तीन मिनिटे मराठी पालकांनाही मिळतात, आणि तेथे नेमके प्रश्न विचारता यावेत यासाठी पुढील माहिती उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न निधीचा नव्हे, बस डेपोचा विचारावा. डिस्ट्रिक्टकडे २०१० किंवा त्यापूर्वीच्या मॉडेलच्या किती डिझेल बस आहेत, त्या स्वतःच्या मालकीच्या आहेत की कंत्राटदाराच्या, आणि त्या खरोखर नियमित फेऱ्या करतात की केवळ राखीव म्हणून उभ्या असतात? २०१० हे वर्ष सहज निवडलेले नाही. डिझेल इंजिनांच्या धुरावरील कडक मानके २००७ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊन २०१० मध्ये पूर्णपणे अमलात आली. त्यामुळे त्याआधीची गाडी आणि नंतरची गाडी यांच्या धुरात फार मोठी तफावत असते. प्रत्येक जुन्या गाडीचा चासी क्रमांक, मॉडेल वर्ष, इंधन आणि नोंदणीची कागदपत्रे एका तक्त्यात आधीच तयार ठेवावीत, कारण अर्जाची खिडकी उघडल्यावर ही शोधाशोध सुरू केली तर मुदतीचे निम्मे दिवस त्यातच संपतात.

दुसरा प्रश्न वीजपुरवठ्याचा, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ द्यावा तो यालाच. एका सर्वसाधारण लेव्हल-२, म्हणजे मध्यम वेगाच्या, चार्जरला सुमारे १९ किलोवॉट वीज लागते असे धरले, तर दहा गाड्या एकाच वेळी जोडल्यास भार १९० किलोवॉटपर्यंत जातो. ज्या डेपोत आजवर चार दिवे आणि एक गॅरेज चालत होते, तेथील ट्रान्सफॉर्मर हा भार पेलेलच असे नाही. नवा ट्रान्सफॉर्मर मिळण्यास कित्येकदा गाडी मिळण्यापेक्षा अधिक वेळ लागतो. म्हणून वीज कंपनीला अर्जापूर्वीच कळवावे, डेपोची पाहणी करून घ्यावी आणि गाड्या रात्री पाळीपाळीने चार्ज केल्यास कमाल वीजमागणीवर लागणारे शुल्क किती कमी होते, याचा हिशेब लेखी मागावा. सोबतच प्रत्येक मार्गाची लांबी आणि हिवाळ्यातील तापमान यांचा तक्ताही करावा. कडाक्याच्या थंडीत गाडी उबदार ठेवण्यातच बॅटरीचा बराच वाटा खर्च होतो, त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या पल्ल्यावर डोळे झाकून मार्ग ठरवू नयेत.

कागदपत्रांत सर्वांत दगा देणारी बाब म्हणजे ‘सॅम’ (SAM.gov) या केंद्र सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळावरील नोंदणी. ती दरवर्षी नव्याने करावी लागते आणि तीत डिस्ट्रिक्टचे नाव, पत्ता व बारा अक्षर-अंकी ओळख क्रमांक तंतोतंत जुळावे लागतात. ती चालू आहे याची खात्री आजच करून घ्यावी. शिवाय स्कूल बोर्डाला अर्जाची कल्पना असल्याचे पत्र लागू शकते, म्हणून हा विषय सभेच्या कार्यपत्रिकेवर वेळेत यावा.

निधी दोन वाटांनी दिला गेला आहे. अनुदानाच्या वाटेत सविस्तर प्रस्तावाला गुण मिळतात, तर रिबेटच्या वाटेत अर्ज सोपा असतो आणि निवड सोडतीने होते. म्हाडाच्या घराची वाट पाहिलेल्यांना ही पद्धत वेगळी समजावून सांगायला नको. गरिबीचे प्रमाण अधिक असलेल्या, दुर्गम ग्रामीण आणि आदिवासी डिस्ट्रिक्टना प्राधान्य मिळते. अशा डिस्ट्रिक्टसाठी मोठ्या विद्युत बसमागे २०२२ च्या फेरीत ३,७५,००० डॉलरपर्यंत आणि चार्जिंगसाठी वेगळे २०,००० डॉलरपर्यंत मिळत होते. २०२३ च्या रिबेट फेरीत ही कमाल मर्यादा चार्जिंग धरूनच ३,४५,००० झाली. यावरून मागील फेरीचे आकडे पुढील अंदाजपत्रकात उतरवण्यात किती धोका आहे, हे लक्षात येईल. जुन्या माहितीपत्रकांत दिसणारी विद्युत वाहनावरील ४०,००० डॉलरपर्यंतची करसवलतही ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या वाहनांना लागू नाही. राज्याचा निधी मात्र स्वतंत्रपणे तपासावा. न्यूयॉर्कने २०२२ च्या पर्यावरण रोख्यांतून विद्युत स्कूल बससाठी ५० कोटी डॉलर राखून ठेवले आहेत.

निवडीची अधिकृत सूचना येण्यापूर्वी गाडीची ऑर्डर देऊ नये, कारण रिबेटच्या फेऱ्यांत अशी गाडी अपात्र ठरत आली आहे. निवडीनंतर खरेदी आदेश सादर केल्यावर रक्कम मिळते, म्हणजे गाडी दारात येईपर्यंत संपूर्ण पैसा डिस्ट्रिक्टला स्वतःच्या खिशातून घालावा लागत नाही. उत्पादक निवडताना किमतीइतकेच महत्त्व सुटे भाग आणि दुरुस्ती यांना द्यावे. विद्युत स्कूल बस बनवणाऱ्या कॅनडातील लायन इलेक्ट्रिक या कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये धनकोंपासून न्यायालयीन संरक्षण मागितले, आणि अशा वेळी हमीपत्राचे मोल किती उरते हा प्रश्न खरेदी समितीने आधीच विचारलेला बरा.

नवी गाडी किमान पाच वर्षे त्याच डिस्ट्रिक्टच्या सेवेत ठेवावी लागते. जुनी डिझेल गाडी दुसऱ्या गावात जाऊन पुन्हा धूर सोडू नये म्हणून तिच्या इंजिन ब्लॉकला तीन इंच बाय तीन इंचांचे भोक पाडून चासीच्या दोन्ही बाजूंचे लांब दांडे कापावे लागतात, आणि ती छायाचित्रे अखेरच्या अर्जासोबत जोडल्याशिवाय प्रकरण बंद होत नाही.