लॉर्ड-लेडीवाल्या सिरीज बघताना डोक्याचा भुगा कसा टाळायचा

इंग्लिश खानदानी लोकांच्या सिरीज लावल्या की पहिले दोन एपिसोड कोण कुणाच्या वर तेच कळत नाही, म्हणून आधी एवढं पाठ करून टाका, वरून खाली: ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. ड्यूकला 'युअर ग्रेस' म्हणायचं, बाकी चौघं बोलताना सरसकट लॉर्ड अमुक. अर्लची बायको मात्र काउंटेस, कारण इंग्लिशमध्ये अर्लला स्त्रीलिंगच नाही, घ्या!

मग 'लेडी'च्या पुढे काय येतंय ते कान देऊन ऐका, खरी मजा तिथेच आहे. लेडी मेरी, लेडी एडिथ असं पहिलं नाव आलं की ती ड्यूक, मार्क्वेस नाहीतर अर्लची मुलगी, आणि पुढे आडनाव किंवा किताब आला तर तो बहुतेक वेळा नवऱ्याकडून आलेला. एवढं जमलं की अर्धे टोमणे आपोआप कळायला लागतात.

भांडण कशावरून? वाडा आणि किताब थोरल्या मुलाला, मुलगा नसला तर कुठलातरी लांबचा चुलतभाऊ, पोरी बसल्या बघत. आपल्याकडची भाऊबंदकीच की, फक्त चहाचे कप भारी.

'डाउनटन अ‍ॅबी' या सिरीजमधला वाडा खरा आहे बरं का, हॅम्पशायरमधला हायक्लेअर कॅसल. तिथल्याच पाचव्या अर्लच्या पैशावर 1922 मध्ये इजिप्तच्या तुतनखामेन राजाची कबर सापडली. बघायला जाणार असाल तर आधी तारखा चेक करा, वर्षभर उघडा नसतो.